पांढऱ्यात पीस दिसतंय का?

प्रश्न : मी सत्तरीतल्या एका शाळेत शिकवते. गेल्या श्रावणात शाळेच्या वाटेवर कुंपणाला कळलावी फुलली होती. तिचा फोटो काढून कृष्णधवल केला आणि पणजीला फोटोवाल्या मंडळींच्या बैठकीत छापून नेला. एक जण म्हणाले, "छान." दुसरे म्हणाले, "गिचमिड झालंय, रंगीतच ठेवायचा होतात." पुढे कुणी काही बोललं नाही. बसमध्ये बसेपर्यंत कसंबसं रडू आवरलं. आता माझी नववीतली एक विद्यार्थिनी ओढ्याचे, रानाचे फोटो आणते आणि "बाई, कसा आलाय?" म्हणून विचारते. माझ्या तोंडूनही "छान" एवढंच निघतं. असं बोलणं ऐकायचं कसं आणि सांगायचं कसं?
— एक शिक्षिका, वाळपई

उत्तर : बाई, तुम्ही रंगीत आणि कृष्णधवल अशा दोन्ही प्रती पाठवल्यात, फार बरं केलंत. शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. रंगीत प्रतीत फूल पेटलेलं आहे : लाल पाकळ्या, पिवळ्या कडा, मागे भिजलेली पानं. कृष्णधवल प्रतीत मात्र माझी नजर आधी डाव्या कोपऱ्यातल्या आभाळाच्या पांढऱ्या तुकड्यावर गेली, तिथून कुंपणाच्या खांबावर उतरली आणि फूल मला शोधावं लागलं. गिचमिड म्हणणाऱ्या गृहस्थांचंही हेच झालं असणार. पण नजर कुठे अडली ते न सांगता त्यांनी थेट निकाल दिला. तुम्ही दुखावलात ते त्यामुळे.

लाल आणि हिरवा डोळ्याला कितीही वेगळे दिसोत, त्यांचा उजळपणा सारखा असला की करड्यात दोघे एक होतात. फिल्मवर आम्ही अशा वेळी लाल फिल्टर लावायचो. लाल उजळतं, हिरवं काळवंडतं. तुमच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, सगळे रंग शाबूत आहेत. रूपांतर करताना लाल-पिवळा वर न्या, हिरवा खाली आणा, आभाळाचा तो तुकडा कापून टाका. फूल पानांतून पुढे येईल.

"रंगीतच ठेवायचा होतात" हे वाक्य लागलं असेल, पण त्यात एक खरा प्रश्न आहे. त्या फुलापाशी तुम्ही कशासाठी थांबलात? मागे वळलेल्या, नागमोडी कडांच्या पाकळ्या आणि चहूकडे ताणलेले पुंकेसर यांच्यासाठी थांबला असाल, तर कृष्णधवलच योग्य. लाल रंगानं थांबवलं असेल, तर त्या गृहस्थांचं ऐका.

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनं १० एप्रिल १९२७ रोजी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या हाफ डोम कड्याचा फोटो आधी पिवळा फिल्टर लावून घेतला. आभाळ हवं तसं गडद येणार नाही, हे लगेच त्याच्या लक्षात आलं. मग गडद लाल फिल्टर लावून दुसऱ्या काचेच्या प्लेटवर (तेव्हाची निगेटिव्ह) फोटो घेतला, तेव्हा आभाळ जवळजवळ काळं आलं. कडा तोच, ऊनही तेच. त्याला काय दाखवायचं होतं हे कळल्याशिवाय कुठलं आभाळ बरोबर, ते आपण कसं ठरवणार?

माझंच सांगतो. चोडणच्या सलीम अली अभयारण्याला तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. रायबंदरहून फेरीबोटीनं गेलो, ओहोटीच्या चिखलात उभा असलेला पांढरा बगळा टिपला आणि म्हापशाला ज्यांच्याकडे डार्करूम शिकत होतो त्यांना प्रिंट दाखवली. बरी-वाईट काही न म्हणता त्यांनी भिंग हातात दिलं आणि विचारलं, "पांढऱ्यात पीस दिसतंय का?" नव्हतं दिसत. बगळ्याच्या जागी कोरा कागद होता. उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्यावर आणू पाहतो. काळ्या चिखलावर मोजलं, म्हणून त्यानं जास्त उजेड दिला आणि बगळा करपला. पुढच्या रविवारी उजेड दीड स्टॉप कमी ठेवून काढला (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). पीस न् पीस आलं.

तुमच्या विद्यार्थिनीला आधी विचारा, "तुला काय दाखवायचं होतं?" मग तुमची नजर कुठे गेली, किती थांबली, कुठून निसटली ते सांगा. चांगलंही तितकंच नेमकं सांगा : "सावलीतल्या दगडावरचं शेवाळसुद्धा दिसतंय." सुधारणा एकच सुचवा आणि तीही तिला जमणारी. पहाटे म्हादईच्या रानात जायला हवं होतंस, असं चौदा वर्षांच्या मुलीला सांगून काय उपयोग? घरचे पाठवणार आहेत का तिला? त्याच ओढ्यावर, शाळा सुटल्यावर, काय वेगळं करता येईल ते सांगा. पहिल्यांदा तरी हे वर्गासमोर नको.

बैठकीत तुम्ही स्वतः मात्र लगेच उत्तर देऊ नका. वहीत लिहून घ्या, दोन दिवस जाऊ द्या. दोन वेगळी माणसं एकाच कोपऱ्यात अडखळली, तर दोष कोपऱ्याचा. एकट्याच्या आवडीनिवडीचा प्रश्न असेल, तर सोडून द्या. आणि "छान" म्हणणाऱ्याला सोडू नका, "काय छान वाटलं?" विचारा. मला तर टीकेपेक्षा त्या "छान"नंच जास्त वर्षं अडवून ठेवलं.

कळलावीचा वेल पावसानंतर वाळतो, पण कंद जमिनीत राहतो. त्याला हात लावू नका, विषारी असतो. पुढच्या श्रावणात त्याच कुंपणावर ती फुलली, की मुलीलाही सोबत न्या आणि दोघींनी काढलेले फोटो मला पाठवा.