मॅडमची लाडकी

"ट्रॉली मी लावायची आणि कॅथेटर तिने घालायचा." खुर्चीवर नीट बसायच्या आधीच तिने हे सांगून टाकलं. ट्रॉली लावायची म्हणजे ग्लव्ह, जेली असं साहित्य मांडून द्यायचं; कॅथेटर म्हणजे लघवीची नळी.

नर्सिंगचं तिसरं वर्ष, फीमेल सर्जिकल वॉर्डातल्या पोस्टिंगचा चौथा आठवडा. बॅचमधल्या एका मुलीला वॉर्डात शिकवणाऱ्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टर मॅडम सगळं करायला देतात आणि हिच्या वाट्याला बीपी, टेम्परेचर नि इनटेक-आउटपुटचा तक्ता. त्या मुलीच्या लॉगबुकात (केलेल्या कामांच्या नोंदवहीत) सह्या भरत चालल्या होत्या, हिची पानं कोरीच. सकाळच्या ड्युटीला निघताना पोटात गोळा यायचा. मार्क्सही तिलाच जास्त मिळणार, हे हिने मनात ठरवूनच टाकलं होतं. ओळख पटेल असे तपशील मी काढून टाकलेत, पण ही तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला इतके विद्यार्थी येतात की तसं करायची फारशी गरजही नव्हती.

"तुला तसं वाटतंय," हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. बरं झालं, गिळलं. कारण पक्षपात नसतोच असं नाही. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० सालीच दाखवलं होतं की लष्करातले अधिकारी हाताखालच्या माणसाचा एक गुण आवडला की त्याच्या बाकीच्या गुणांनाही वरचा शेरा देतात. चुणचुणीत दिसणारी मुलगी हुशारही वाटते, वक्तशीरही वाटते. लेखी पेपरात याला थोडा आळा बसतो. प्रात्यक्षिक परीक्षेत सगळ्यांना तीच स्टेशन्स आणि तीच चेकलिस्ट देणारी ऑस्कीची (OSCE) पद्धत हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडली, तिचा एक हेतू हाच होता. वॉर्डात मात्र अशी सोय नाही. पेशंट ठरवून येत नाहीत आणि ज्याच्या हातावर भरवसा त्याच्याच हाती काम जातं.

मी तिला विचारलं, "मागच्या आठवड्यात तुझ्या ड्युटीत एकूण किती प्रोसिजर झाल्या?" तिला सांगता येईना. मग एक छोटी वही ठेवायला सांगितली. कोणती प्रोसिजर झाली, तेव्हा मी कुठे होते, मी मागितली का. एवढंच, दोन आठवडे. 'मला का दिली नाही' हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. तो दुसऱ्याच्या मनातला, आपण भरला की हमखास काळ्या शाईने भरतो.

वहीत अकरा नोंदी आल्या. सहा वेळा ती वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला तक्ते भरत होती. तीन वेळा बेडशेजारीच होती, पण हात मागे बांधून. दोन वेळा तिने स्पष्ट मागितलं आणि तरीही काम त्या दुसऱ्या मुलीकडे गेलं. ते दोन मी सारवून टाकले नाहीत. तो अन्यायच होता.

पण ते हात मागे बांधून उभं राहणं माझ्या डोक्यात राहिलं. विचारल्यावर बराच वेळ गप्प बसली. मग सांगितलं: पहिल्या आठवड्यात स्टराइल (निर्जंतुक) ग्लव्ह घालताना बाहेरच्या बाजूला बोट लागलं होतं आणि मॅडम सगळ्यांसमोर ओरडल्या होत्या. तेव्हापासून ती एक पाऊल मागे. ती मागे म्हणून मॅडम दुसरीला पुढे बोलावणार, दुसरीचा हात बसणार, हिचा राहणार. पेशंटच्या जिवाचा प्रश्न असल्याने इन्स्ट्रक्टरचं वागणं मला समजतं. शिक्षिका म्हणून मात्र ते चूकच. जिचा हात बसलेला नाही तिलाच आधी उभं करायला हवं.

मग आम्ही बोलण्याची तालीम केली. मी मॅडम झाले. तिचं पहिलं वाक्य: "तुम्ही मला कधीच चान्स देत नाही." खोटं कशाला बोलू, नाटकातसुद्धा मला राग आला. चौथ्या खेपेला जमलं: "मॅडम, माझ्या कॅथेटरायझेशनच्या दोन सह्या बाकी आहेत, पोस्टिंगचे नऊ दिवस उरलेत. ग्लव्हिंग तेव्हा चुकलं होतं, स्किल लॅबमध्ये पुन्हा केलंय. पुढची केस तुमच्यासमोर मी करू का?"

इथे एक सांगून ठेवते. काम न करताच सह्या मिळत असतील, किंवा जात, भाषा, रंग यांवरून टोमणे असतील, तर अशी गोड विनंती करत बसू नये. तारखांसह ती वही थेट कोर्स कोऑर्डिनेटरकडे न्यावी.

त्या 'लाडकी'बद्दल मी फक्त एकच प्रश्न विचारला होता: तिच्याशी कोण बोलतं? उत्तर आलं, "कोणीच नाही." तिच्या मागे वॉर्डात कुजबुज चालायची आणि त्यात हीसुद्धा असायची.

पुढच्या भेटीला ती उशिरा आली, ड्युटीवरून थेट. मॅडमनी आधी त्यांच्यासमोर ग्लव्हिंग करून दाखवायला लावलं, याचा तिला अजून थोडा राग होता. पण केस मिळाली होती. एक सही झाली, एक बाकी.

"आणि ट्रॉली?" मी विचारलं.

"तिने लावली." मग हसू दाबत म्हणाली, "जेली विसरली होती."