वेबसाइटवर चपलेच्या दरापुढं ₹ च्या जागी चौकोन येतोय? आधी एवढं बघ

भावा, चौकोन दिसला तर त्या फॉन्टमध्ये ते चिन्हच नाही. ₹ युनिकोडमध्ये (म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत) २०१० साली आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते कुठनं असणार? भलतीच अक्षरं दिसली तर मात्र एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत, गंडलंय: फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये सेव्ह कर आणि पानाच्या कोडमधल्या हेड या सुरुवातीच्या भागात अगदी वर तसं जाहीर कर. नव्या माणसाची निम्मी डोकेदुखी या दोन्हींत गल्लत केल्यानंच होते.

बाकी सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- छापखान्यातला श्रीलिपीचा, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला, मजकूर तसाच चिकटवू नको. युनिकोडमध्ये बदल, मग रफार आणि जोडाक्षरं स्वतः वाचून काढ. कन्व्हर्टरवर भरवसा नाही.
- तुझ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट दिसतो, कारण तो तिथं बसवलाय. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर कुठला? मुक्तासारखा मोफत फॉन्ट घे, फाइल सर्व्हरवर ठेव, आणि कोडमध्ये त्याच्या नावामागं, तो उघडला नाही तर वापरायचा पर्यायी फॉन्टही लिही.
- अक्षरांमधलं अंतर वाढवू नको. इंग्रजीला शोभतं, आपली शिरोरेषा तुटते.

फॉन्टची फाइल छाटून हलकी करायचं सध्या डोक्यातच आणू नको, जोडाक्षरं जातील. आधी ‘पुऱ्या, रस्सा, ₹५०’ एवढं टाइप करून घरातल्या सगळ्यात जुन्या मोबाइलवर उघड. अडलं तर स्क्रीनशॉट टाक, बघू.