अवकाळीनंतर कडा चढायचा का? आधी तांबडा पट्टा बघा

पावसानंतर लगेच कडा चढावा का, हे विचारणारी तुमची पोस्ट वाचली आणि आमचाच जुना प्रसंग डोळ्यांपुढे आला. तुमच्याकडे गुरुवारी रात्री अवकाळी झोडपून गेला, नंतर कडकडीत ऊन पडलं, रविवारच्या चढाईची परवानगी हातात आहे आणि निम्मा ग्रुप म्हणतोय, "दोन दिवसांत कातळ वाळतो." दोर, हेल्मेट, बिले (चढणाऱ्याला खालून दोराने सांभाळणं) हे सगळं तुम्हाला येत असणार, त्यात शिरत नाही.

वरून कातळ वाळतो हे खरं आहे. ऊन-वारा असेल तर आपला बेसॉल्ट काही तासांतही कोरडा होतो. प्रश्न आतल्या पाण्याचा आहे. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरांवर थर, आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या, मातकट दगडाचा पट्टा असतो. माथ्यावरचं पाणी भेगांतून उतरतं, या पट्ट्यावर अडतं आणि आडवं बाहेर पाझरतं. पायथ्याचा टप्पा खडखडीत असतो आणि दोरभर वर गेल्यावर बोटं चिखलात जातात.

म्हणून शनिवारी दुपारीच पायथ्याशी जा आणि दुर्बिणीने तो पट्टा शोधा. त्याखाली ओली गडद रेघ किंवा हिरवंगार, फुगलेलं शेवाळ दिसलं तर पाणी चालू आहे. शेवाळ तपकिरी होऊन चुरगळत असेल तर बरं लक्षण. काळे पट्टे दिसतात ते पाण्याचे नेहमीचे रस्ते. कोरडे असताना त्यांच्यावर बूट छान धरतो, ओले झाले की साबण. होल्डवर, म्हणजे हाताने धरायच्या खाचेवर किंवा उंचवट्यावर, टिश्यू दाबून धरा. डाग उठला तर तो होल्ड कोरडा नाही, दिसायला कितीही कोरडा असो. हिवाळ्यात उत्तरेकडच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही, तिथे माझा हिशेब सरळ दुप्पट दिवसांचा असतो.

हवामान खात्याच्या पावसाच्या आकड्यावर विसंबू नका. तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजलेला असतो आणि पर्जन्यमापक तुमच्या कड्यापासून लांब असू शकतो. पायथ्याच्या गावात ओळखीच्या माणसाला फोन करून विचारा, ओढ्याला पाणी आहे का.

आता परवानगीबद्दल, कारण आमचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालं. कार्यालयाचं नाव घेत नाही. आमच्या तारखेच्या आदल्या रात्री असाच पाऊस झाला. सकाळी फोन करून आठवडाभर पुढची तारीख मागितली. उत्तर आलं: तारीख बदलत नाही, नव्याने अर्ज करा. लोकांनी रजा टाकलेल्या, गाडीचे पैसे भरलेले, मग निघालो. दुसऱ्या टप्प्यावर तांबड्या पट्ट्यातून पाणी ठिबकत होतं. लीडरने, म्हणजे सगळ्यात पुढे चढणाऱ्याने, कातळात मारलेली मेख हाताने हलत होती. तो तिथूनच उतरला आणि आम्ही परतलो. नवा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. परवानगी मिळाली तोवर मार्च संपत आलेला, कातळ तापलेला आणि आमच्या मार्गावर आग्या मोहोळ लागलेलं. अख्खा हंगाम गेला. मला अजूनही संताप येतो तो यासाठी, की एकाच तारखेची परवानगी माणसांना ओल्या कड्यावर ढकलते. पंधरवड्याची मुदत देऊन "यातला कोरडा दिवस निवडा" म्हणायला काय हरकत आहे? तुम्ही अर्जातच पर्यायी तारखा लिहा आणि पोच घ्या. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात, तेव्हा आधी चौकशी करा.

कर्नाटकातल्या बदामीला चढाईला जाणार असाल तर हे गणित लावू नका. तो वालुकाश्म आहे. वालुकाश्म वरून कोरडा दिसला तरी आत ओल असेपर्यंत कमजोर असतो, धार तुटते आणि मार्ग कायमचा बिघडतो. पायथ्याची माती बोटभर उकरा, खाली ओलसर लागली तर मी हात लावत नाही. तिथला दगड चांगला टणक आहे, पावसानंतर लगेच चढणारेही आहेत, पण माझं मत हेच.

मोहोळाचं आलंच आहे तर: अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा काहीही नको.

हे सगळं माझ्या अनुभवातलं, शेवटचा निर्णय तुमच्या लीडरचा. रविवारी पट्टा ओला दिसला तर खालच्या टप्प्यावर अँकर (दोर अडकवायचा कातळातला आधार) लावण्याचा सराव करा आणि सोमवारी सकाळीच, त्या दिवशीच्या फोटोंसह, नव्या तारखेचा अर्ज द्या.