सोरायसिस आहे, तरी टॅटू काढू का?

सोरायसिस, इसब, कोड असा जुनाट त्वचाविकार घेऊन वाढलेली तरुण मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा कधी ना कधी हा प्रश्न निघतोच. घरी विचारलं तर ‘डोकं फिरलंय का तुझं?’ असं ऐकावं लागतं. टॅटू काढणारा म्हणतो, ‘काही होत नाही.’ आणि डॉक्टरांपुढे असला हौसेचा विषय काढायचा संकोच वाटतो. मग तो माझ्यासमोर येतो. अशाच एका मुलीची गोष्ट सांगते. तिला इथं रेवा म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला तिची संमती आहे.

रेवा 26 वर्षांची. शाळेत असल्यापासून सोरायसिस. कोपरं, गुडघे आणि डोक्याच्या त्वचेवर चट्टे. माझ्याकडे आली होती ती झोप लागत नाही म्हणून. टॅटूचं ती बोलली तेही निघता निघता, दाराशी उभं राहून. दाराशी उभं राहून सांगितलेली गोष्ट मी कधी सोडत नाही. पुढच्या भेटीची सुरुवात तिथूनच केली.

तिला मनगटापासून कोपरापर्यंत चढत जाणारी वेल हवी होती. कोपरावरच्या चट्ट्याच्या कडेपर्यंत. “म्हणजे लोक आधी वेल बघतील,” ती म्हणाली. आणि मग अगदी सहज सांगून गेली, “जखम नीट भरावी म्हणून दोन महिने गोळ्या बंद करणार आहे.” गोळ्या मेथोट्रेक्सेटच्या होत्या, म्हणजे सोरायसिस आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाच्या.

इथं मी तिला थांबवलं. एरवी मी समोरच्याला सल्ले देत नाही, पण हे स्पष्ट सांगितलं : गोळी बंद करायची की नाही, हे तुझ्या त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ठरवायचं नाही. मेथोट्रेक्सेट किंवा सोरायसिससाठीची बायोलॉजिक (सजीव पेशींपासून बनवलेली) इंजेक्शनं रोगप्रतिकारशक्तीचा जोर कमी करतात, त्यामुळे सुईच्या जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढू शकतो, ही तिची भीती खरी होती. पण औषध मनानं सोडलं तर आजार उसळू शकतो, आणि उसळलेल्या सोरायसिसवर टॅटू काढणं त्याहून वाईट.

मग आम्ही सुई त्वचेत काय करते ते बोललो. शाई वरच्या थरात राहत नाही. ती खालच्या थरात, एक ते दोन मिलिमीटर खोल सोडली जाते. तिथल्या संरक्षक पेशी ती गिळून धरून ठेवतात, म्हणून टॅटू टिकतो. थोडक्यात, टॅटू म्हणजे हजारो बारीक जखमा. निरोगी त्वचा त्या भरून काढते. सोरायसिस असलेल्यांपैकी काहींची त्वचा मात्र जखमेच्या जागीच नवा चट्टा उठवते. बहुतेकदा दहा ते वीस दिवसांत, कधी त्याहून बऱ्याच उशिरा. हाइन्रिश कोबनर या जर्मन डॉक्टरांनी 1872 साली हे पहिल्यांदा मांडलं, म्हणून त्याला कोबनर परिणाम म्हणतात. त्यांच्या त्या रुग्णाला ओरखड्यांच्या जागी, घोडा चावला होता तिथं आणि टॅटूच्या जागीही चट्टे उठले होते. कोड आणि लायकेन प्लॅनस (खाजऱ्या, जांभळट पुळ्यांचा त्वचाविकार) या आजारांतही असं होतं. सोरायसिसच्या साधारण चारातल्या एका रुग्णात हे दिसतं, असं पुष्कळदा सांगितलं जातं. वेगवेगळ्या पाहण्यांत आकडे बरेच कमीजास्त आहेत.

रेवानं विचारलं, “मग मी त्या चारातली एक आहे का?”

याचं पक्कं उत्तर कुणाकडेच नसतं. पण त्वचेचा स्वतःचा इतिहास असतो आणि तो आठवून काढता येतो. कुठं खरचटलं होतं? कान टोचले तेव्हा काय झालं? सलाईनची सुई, टाके, उन्हानं भाजणं, बॅगेचा पट्टा घासणं? रेवानं पुढच्या भेटीला वहीत टिपून आणलं. कान टोचले तेव्हा काही झालं नव्हतं. पण एकदा पडून पोटरी सोलवटली होती, तिथं जखम भरता भरता चट्टा आला होता आणि वर्षभर राहिला होता. ती वही तिनं डॉक्टरांना दाखवावी असं मी सुचवलं. एवढी नेमकी माहिती रुग्ण क्वचितच घेऊन जातात. अर्थात, एकदा उठला म्हणजे दर वेळी उठेल असं नाही, आणि कधीच उठला नाही म्हणून यापुढे उठणार नाही, असंही नाही.

इथपर्यंत सगळं माहितीचं काम. मला खरी काळजी वाटत होती ती तिच्या आणखी एका वाक्याची. ती म्हणाली होती, “माझी कातडी आईचीच आहे, मॅडम. मला फक्त राहायला दिलीय.” इतकी वर्षं रात्रीचं मलम आईच लावत होती. कपडे, साबण, कुठं जायचं नाही, लग्नाच्या बोलण्यात आजार कधी सांगायचा, हे सगळं घर ठरवत होतं. त्या आईविषयी मला आदर वाटतो. रोज न कंटाळता मलम लावणं सोपं नाही. पण रेवाला स्वतःच्या त्वचेवर एक तरी गोष्ट स्वतः ठरवायची होती, आणि ती माझ्याकडे परवानगी मागत होती. ती माझ्या हातातच नव्हती, आणि मी दिली असती तर आईच्या जागी फक्त मी आले असते.

म्हणून मी तिला विचारलं, “वेलीच्या मधोमध चट्टा उठला, तर ती वेल तुला कशी वाटेल?”

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “हात कापून टाकावासा वाटेल.” हे नुसतं बोलण्यापुरतं आहे ना, हे मी तिला सरळ विचारलं. स्वतःला इजा करण्याचे विचार नाहीत याची खात्री करून घेतली. मग आम्ही त्या उत्तराजवळ थांबलो. चट्टा उठेल का, हे आधी कुणीच सांगू शकत नाही. उठला तरी हा टॅटू मला माझाच वाटेल का, हे मात्र आधीच स्वतःला विचारता येतं. माझ्या मते निर्णय या दुसऱ्या प्रश्नावर व्हावा. ज्याला टॅटूकडून आजार झाकून हवा आहे, त्याला एक चट्टाही पराभवासारखा वाटतो. शिवाय झाकणं तसं जमतही नाही : चालू चट्ट्यावर टॅटू काढायचाच नसतो, आणि खपल्या शाईखाली लपत नाहीत.

त्यानंतरच्या काळात टॅटूचा विषय जवळजवळ निघालाच नाही. रेवा रात्रीचं मलम स्वतः लावू लागली. आईला ते सुरुवातीला लागलं. दोघींचं एकदा भांडणही झालं, आणि नंतर आईच म्हणाली की तिला आता रात्री लवकर झोपता येतं. ऑफिसात एका मैत्रिणीला रेवानं आजाराबद्दल सांगितलं. तो स्पर्शानं पसरत नाही, हेही सांगितलं. एकदा ती अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून माझ्याकडे आली. त्या दिवशी मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. “मग वेलीत एक चट्टा असेल,” ती म्हणाली, “तसा तो माझ्यातही आहेच.”

डॉक्टरांनी तिला आजार बरेच महिने शांत राहू दे म्हणून सांगितलं. गोळ्यांचं काय करायचं ते त्यांनीच ठरवलं. वेल लहान झाली, पूर्वी कधीच चट्टा न आलेल्या जागी, दंडाच्या आतल्या बाजूला सरकली. रंग फक्त काळा, कारण ॲलर्जीच्या तक्रारी लाल शाईत सर्वांत जास्त दिसतात. पहिल्या कलाकारानं आजाराचं ऐकून नकार दिला. दुसऱ्यानं डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. मला दोघांचंही वागणं पटलं. आजार लपवून खुर्चीत बसू नका, एवढं मी सगळ्यांनाच सांगते.

तिसऱ्या आठवड्यात एका पानाच्या कडेला दोन लाल ठिपके उठले. ती त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेली, मलम सुरू केलं. एक ठिपका गेला, दुसरा फिका होऊन अजून आहे. मला तिनं फोटो पाठवला तो पूर्ण वेलीचा, ठिपक्यासकट.

सगळ्यांनी रेवासारखंच करावं असं माझं म्हणणं नाही. इसब असलेल्या एका मुलानं सगळं समजून घेऊन टॅटू न काढायचं ठरवलं. भरत्या जखमेला येणारी खाज आपल्याला आवरणार नाही हे तो ओळखून होता, आणि खाजवून झालेल्या जखमेत जंतू शिरायला वेळ लागत नाही. ज्यांच्या जखमेवर जाड, वाढत जाणारे व्रण म्हणजे केलॉइड येतात, त्यांनी टॅटूच्या वाटेला जाऊच नये, असं मी स्पष्टच म्हणते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर ते थांबल्यानंतर किती महिने जाऊ द्यायचे, हे डॉक्टरांना विचारा. कोडाचे डाग त्वचेच्या रंगाच्या शाईनं भरायचे असतील, तर ते डाग बराच काळ स्थिर असताना आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करून घ्या.

आणि टॅटू काढलाच, तर पहिल्या काही दिवसांची लाली आणि हलकी सूज चालेल. लाली पसरत गेली, पू झाला, ताप आला किंवा ठणका वाढत राहिला, तर टॅटू काढणाऱ्याला फोटो पाठवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. काही महिन्यांनी, अगदी काही वर्षांनीही एखाद्याच रंगाचा भाग खाजून वर उठला, तरी तो डॉक्टरांना दाखवा आणि टॅटू कधी काढला होता ते सांगा.