डीएनए व्हायरस पेशीत शिरून स्वतःचा डीएनए कॉपी कसा करतात? सगळं सामान पेशीचंच वापरतात का?

काही व्हायरस जवळजवळ सगळं पेशीचंच वापरतात आणि काही जवळपास काहीच नाही, त्यामुळे हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, पोरंसुद्धा हेच विचारतात, तेव्हा मी म्हणते आधी जिनोम (व्हायरसचा सगळा डीएनए) केवढा आहे ते बघा, त्यावरून तो घरून काय आणतो नि उसनं काय घेतो याचा बराचसा अंदाज येतो.

कुत्र्यांचा पार्वो घ्या. जेमतेम ५ हजार बेसचा (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर) डीएनए, तोही एकाच स्ट्रँडचा. डीएनए जोडणारं एन्झाइम म्हणजे पॉलिमरेज याच्याकडे नाहीच, मग पेशी स्वतःच्या विभाजनासाठी डीएनए कॉपी करायला घेईपर्यंत (याला एस फेज म्हणतात) बसून राहायचं आणि तिची यंत्रणा चालू झाली की आपलं काम उरकून घ्यायचं. म्हणून तो सतत विभागणाऱ्या पेशींमध्येच फोफावतो, आतड्याच्या अस्तरात, अस्थिमज्जेत, आणि म्हणूनच पिल्लाला रक्ताचे जुलाब होतात नि पांढऱ्या पेशी धडाधड खाली येतात.

एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमाव्हायरस) थोडा मोठा, ८ हजार बेसपेअरचा गोल डीएनए, पॉलिमरेज त्याच्याकडेही नाही. पण हा वाट बघत नाही. ज्या वरच्या थरात त्याला भरपूर कॉप्या काढायच्या असतात तिथल्या पेशींनी विभाजन सोडलेलं असतं, शटर ओढून दुकान बंद केलेलं, तर याचं ई७ नावाचं प्रोटीन पेशीचा ब्रेक (आरबी प्रोटीन) काढून टाकतं आणि दुकान उघडायला लावतं. अशी जबरदस्ती झाली की पेशीचं पी५३ प्रोटीन ही धोक्याची घंटा वाजायला हवी, पण व्हायरसचं ई६ प्रोटीन त्या घंटेलाच नष्ट करून टाकतं. हाय-रिस्क टाइपमध्ये हा खेळ वर्षानुवर्षं चालू राहिला की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपर्यंत गोष्ट जाते, व्हायरसला खरं तर कॅन्सरशी काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त कॉपी काढायची होती.

आता हर्पीस. सुमारे दीड लाख बेसपेअर, म्हणजे सामान भरपूर. याचा कॅप्सिड (डीएनएभोवतीचं प्रोटीनचं कवच) न्यूक्लियसच्या भोकापाशी येऊन थांबतो आणि आतला डीएनए न्यूक्लियसमध्ये सोडतो, तिथे तो टोकं जुळवून गोल होतो असं मानतात. स्वतःचं पॉलिमरेज, स्ट्रँड उलगडणारं हेलिकेज, कॉपीला सुरुवात करून देणारं प्रायमेज, सगळं त्याचं त्याच्याकडे. जिनोमच्या प्रती एकामागे एक जोडलेल्या लांबच लांब साखळीत तयार होतात आणि कॅप्सिडमध्ये भरताना बरोबर एकेका जिनोमएवढा तुकडा कापला जातो. तो ज्यांच्यात शिरतो ते न्यूरॉन (चेतापेशी) तर विभागतच नाहीत, तिथे डीएनएसाठी लागणारा कच्चा माल कमी, म्हणून थायमिडीन कायनेज नावाचं एन्झाइमही तो स्वतःचं बनवतो.

आणि इथेच तो सापडतो. नागीण (हीही हर्पीसच्याच कुटुंबातली) झाली की डॉक्टर असायक्लोव्हिर लिहून देतात ना, ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ती गोळी आपल्या निरोगी पेशीत जवळपास निष्क्रिय पडून असते. पहिला फॉस्फेट लावायचं काम व्हायरसचं कायनेज करतं, पुढचे दोन आपल्या पेशीची एन्झाइम्स लावतात, मग व्हायरसचं पॉलिमरेज तिला खरा बेस समजून साखळीत बसवतं, पण पुढचा बेस जोडायला लागतो तो ओएच गटच तिच्यात नाही, त्यामुळे साखळीची वाढ तिथेच थांबते. म्हणजे औषध चालू करणारा व्हायरसच आणि फसणाराही तोच! हे औषध ज्यांच्या कामातून आलं त्यातल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं, मला विचाराल तर फार्माकॉलॉजीतली यापेक्षा सुंदर आयडिया कमीच.

पॉक्स व्हायरसांचं तर न्यूक्लियसशिवायच भागतं. गुरांचा लम्पी त्यातलाच. सायटोप्लाझममध्येच (न्यूक्लियसबाहेरच्या भागात) कारखाना टाकतात, आरएनए पॉलिमरेजसुद्धा कणात बांधूनच आणतात.

अजून एक अडचण सगळ्यांनाच असते. कुठलंही डीएनए पॉलिमरेज कोऱ्या जागेवरून सुरुवात करू शकत नाही, आधी प्रायमर (सुरुवातीचा छोटा तुकडा) लागतो, आणि सरळ डीएनएत तो प्रायमर काढला की टोकाचा तुकडा कॉपी व्हायचा राहतो. गोल झालं की हा प्रश्नच मिटतो, पार्वोचं टोक स्वतःवरच दुमडून प्रायमर बनतं, आणि अ‍ॅडिनोव्हायरस चक्क प्रोटीनवर पहिला बेस चिकटवून सुरुवात करतो.

सगळ्यात विचित्र हिपॅटायटिस बी. ३,२०० बेसपेअरचा, अर्धवट दुहेरी डीएनए. न्यूक्लियसमध्ये गेल्यावर पेशीचीच दुरुस्तीची एन्झाइम्स तो पूर्ण करून बंद गोल करतात, पण त्या गोलाची थेट कॉपी निघतच नाही. पेशीचं आरएनए पॉलिमरेज त्यावरून लांब आरएनए काढतं, तो नव्या कॅप्सिडमध्ये भरला जातो आणि आत व्हायरसचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज त्यापासून परत डीएनए बनवतं, बरंचसं एचआयव्हीसारखंच. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर ही औषधं हा शेवटचा टप्पा अडवतात, यकृताच्या पेशीत बसलेल्या मूळ गोलाला हात लावत नाहीत. म्हणून रिपोर्टमध्ये व्हायरल लोड 'नॉट डिटेक्टेड' आला तरी डॉक्टर गोळी चालू ठेवायला सांगतात, ती आपल्या मनाने बंद केली की त्याच गोलावरून सगळं परत सुरू होऊ शकतं आणि कधीकधी यकृताला जोरदार दणका बसतो.