वणवा, जाळरेषा आणि तणसाचा ढीग

प्रश्न : जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला वणव्यात वस्त्याच्या वस्त्या जळाल्या. आमचं घर गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाला लागून. मागे तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा ढीग. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेला पट्टा, किती रुंद ठेवावी?

उत्तर : तिथे सांता आना नावाच्या जोरदार कोरड्या वाऱ्याने ठिणग्या आगीच्या कितीतरी पुढे उडाल्या आणि घरं पेटली. आपल्याकडचा वणवा बहुधा जमिनीवरचा, पाचोळ्यातून सरकणारा. वारा कमी असेल तर त्याला १० फुटांचा पट्टा सहसा पुरतो, पण माती दिसेपर्यंत झाडलेला. चूक इथेच होते : फेब्रुवारीत एकदा झाडायचं आणि विसरायचं. सागाची पानं त्यानंतरही गळत राहतात, म्हणून दर आठवड्याला खराटा फिरवा. पाचोळा पेटवू नका, खड्ड्यात कुजवा. तणस मात्र घरापासून ५० फूट तरी लांब रचा. उडत्या ठिणगीला पट्टा अडवत नाही.

मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळण्यापेक्षा तिथे जुनी लुगडी अंथरा, फुलंही स्वच्छ मिळतात.

लहान आग ओल्या डहाळीने दाबून विझवा. जोरात आपटलं की ठिणग्या पसरतात. विझलेल्या ओंडक्यावर माती, पाणी टाका, दुपारच्या वाऱ्यात तो पुन्हा धुमसतो. आग कमरेच्या वर गेली तर मागे फिरा आणि वनविभागाला १९२६ वर कळवा.