दासीचा रोल मिळाला म्हणून शाळेत भांडायला जाऊ नकोस

इकडे कॅनडातल्याच मार्खमहून एकीचं पत्र आलंय. लिहिते, "वहिनी, लेक सहावीत आहे. शाळेत चायनीज न्यू इयरला पांढऱ्या नागिणीचं नाटक बसवतायत आणि हिला हिरव्या नागिणीचा रोल दिलाय, म्हणजे चक्क मोलकरणीचा. मी नेटवर वाचलं, ती नुसती मालकिणीच्या मागे मागे असते. आपण सावळे म्हणून असं केलं असेल का? टीचरशी बोलू का?" आणि अगदी शेवटी, सासूबाईंच्या व्हिसाच्याही नंतर, एक ओळ: "तसं ती म्हणते की हा रोल तिने स्वतःच मागून घेतला."

अगं, ही ओळ पहिली लिहायची ना! तुझी तगमग कळते मला. परक्या देशात पोरीला बाजूला उभं केलं की पोटात कालवतं, आपण सगळ्या त्यातून गेलोय. रंगाचा संशय खरा वाटला असता तर मीच म्हटलं असतं की उद्याच जाऊन विचार. पण पोरीने मागून घेतलेलं काम तू मोलकरणीचं म्हणून हिणवतेस, ते मला नाही पटलं.

तू वाचलंस ते जुनं रूप असणार. गोष्ट चीनमधल्या हांगचौ शहराच्या पश्चिम सरोवराकाठची. पांढरी नागीण बाईचं रूप घेते, औषधाच्या दुकानातल्या शू श्येनशी संसार थाटते, मग फाहाय नावाचा भिक्षू तो संसार मोडून तिला लेइफंग पॅगोडाखाली कोंडतो. श्याओछिंग, म्हणजे तुझ्या लेकीची हिरवी नागीण, तिच्या सोबतीची. फंग मंगलुंग या जुन्या चिनी लेखकाने 1624 मध्ये ही कथा छापली त्यात तर ती नागीणसुद्धा नाहीये, सरोवरातल्या माशाची बाई झालेली, कामापुरती येते आणि शेवटी मालकिणीबरोबर तीही कोंडली जाते. जपानमध्ये 1958 साली यावर रंगीत कार्टून सिनेमा आला, त्यातही ती मासाच आहे, छोटीशी पोर.

पण रंगमंचावर तोवर तिची नागीण झालेली होती आणि तुटक्या पुलाचा प्रसंग तिच्यामुळेच गाजतो. नवरा भिक्षूचं ऐकून बायकोला सोडून गेलेला, ती गरोदर, लढून दमलेली, आणि तो पुलावर समोर येतो. श्याओछिंग सरळ तलवार उपसून त्याच्या अंगावर धावते आणि पांढरी नागीण त्याला पाठीशी घालते. चीनच्या सिच्वान प्रांतातल्या ऑपेरात, म्हणजे तिथल्या संगीत नाटकात, तर हिरवा नाग लढताना पुरुष असतो आणि एरवी बाई. नाटककार थ्यान हानने लिहिलेल्या पेकिंग ऑपेरात शेवटी पॅगोडा पाडून मैत्रिणीला सोडवते तीसुद्धा हीच.

मग 1992 ची तैवानची सिरीयल. माझ्या शेजारच्या चायनीज काकूंकडे नुसतं नाव काढलं तर त्या टायटल साँग गुणगुणायला लागल्या, सुट्टीत ती पुन्हा पुन्हा लागायची म्हणे. त्यात श्याओछिंग दासी कमी आणि धाकटी बहीण जास्त, तापट, खोडकर, ताईसाठी कुणाशीही भांडणारी. पुढच्याच वर्षी हाँगकाँगच्या त्सुई हार्कने सिनेमा काढला, त्याचं नावच हिरवी नागीण. मॅगी चेउंग श्याओछिंग झाली आणि अख्खी गोष्ट तिच्या डोळ्यांतून दिसते, माणसांचं प्रेम म्हणजे काय हे तिला समजून घ्यायचंय आणि जे दिसतं त्याने ती चिडते, इतकी की शेवटी शू श्येनला मारते ती हीच. आणि 2021 च्या चिनी ॲनिमेशन सिनेमात पांढरी नागीण कोंडली गेल्यावर हिला एका उद्ध्वस्त शहरात फेकलं जातं, तिथे ती मोटरसायकल चालवते, मारामाऱ्या करते आणि पूर्ण वेळ ताईला शोधते. तुझ्या लेकीने बहुतेक हाच बघितला असेल, विचार तिला.

हे असं का होतं सांगू? पांढऱ्या नागिणीचे हात बांधलेत. तिने शू श्येनवर प्रेम करायचं आणि पॅगोडाखाली जायचं, हे पोराटोरांना पाठ आहे, ते बदललं तर लोक म्हणतील ही ती गोष्टच नाही. श्याओछिंगवर असं कुठलंच ओझं नाही, त्यामुळे प्रत्येक नव्या दिग्दर्शकाला जे बोलायचंय ते तो तिच्या तोंडी घालतो. बाजूच्या पात्राची ही ताकद मी गेली कित्येक वर्षं सांगतेय, आपल्या मंडळाच्या गणपतीच्या नाटकातसुद्धा दरवर्षी मेन रोलवरून आयांची भांडणं होतात तेव्हाही सांगते. माझ्या लेकीला तिथे शिवाजी महाराजांच्या नाटकात हिरकणीच्या शेजारणीचं काम होतं, तिने त्या शेजारणीला स्वतः नाव दिलं, तिचं घर कुठे, तिला मुलं किती सगळं ठरवलं, आणि आज ती नाटक शिकतेय.

आणि श्याओछिंग मला फार जवळची वाटते त्याला कारण आहे. आम्ही इकडे आलो तेव्हा थोरला पोटात होता, हे कामात बुडालेले, मी दिवसदिवस एकटी. माझी सांगलीची धाकटी बहीण रात्री फोन करायची, एकदा तिने ह्यांना फोनवर घेऊन जे काही सुनावलंय, मीच मधे पडून म्हटलं जाऊ दे गं, दमतात ते. तुटक्या पुलाचा प्रसंग बघते तेव्हा मला ती आठवते. आपली बाजू घेऊन आपल्यापेक्षा जास्त चिडणारं एक माणूस परदेशात प्रत्येकीला लागतं. तुझी पोर ते काम करणारे, त्याला मोलकरीण म्हणू नकोस गं.

टीचरकडे जा, पण तक्रार घेऊन नाही, तलवारीचा प्रसंग ठेवलाय का ते विचारायला. नसेल तर लेकीलाच मागू दे.

बाकीचं पटकन. रविवारच्या मराठी शाळेच्या वेळेला तालीम येते तर तेवढे रविवार बुडू देत, काही बिघडत नाही. सासूबाई म्हणतात "नागीण कशाला व्हायचं", तर त्यांना नागपंचमीची आठवण करून दे आणि गोष्ट लेकीच्या तोंडून ऐकू दे. त्यांच्या सुपर व्हिसाला, म्हणजे आईवडिलांना इकडे जास्त दिवस राहायला मिळणाऱ्या व्हिसाला, मेडिकल इन्शुरन्स लागतोच, तो आधी काढ, तिकिटाचं नंतर बघ.